पूर्ण खात्रीची माणसं

२ मार्च, रविवार

आज आमचं नास्तिक मंडळ स्थापन झालं. सभासद चार, खुर्च्या तीस.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली ग्रंथपालांनी मिळवून दिली. एरवी तिथे शिवणाचे वर्ग चालतात. भिंतीवर बाह्यांचे कागदी नमुने टांगलेले असतात आणि बसण्याआधी खुर्चीवर टाचणी नाही ना हे चाचपून घ्यावं लागतं. अध्यक्ष मी. निवडणूक झाली नाही. मी म्हटलं, "अध्यक्ष मी होते," आणि कोणी काही बोललं नाही. म्हणजे एकमताने.

बाकीचे तिघे असे. एक दंतवैद्यबाई, माझी जुनी मैत्रीण. हिच्या खुर्चीत तोंड उघडून पडलं की ही वाद घालते आणि आपल्याला उत्तर देता येत नाही. दुसरे बसवाले काका. तेहेतीस वर्षं शहराच्या बस चालवून निवृत्त झालेत, आणि इथे का आले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. तिसरे ग्रंथपाल. ते सभेचा वृत्तांत लिहिणार आहेत. ते माझ्या अगदी शेजारी बसतात. बहुधा ऐकायला कमी येत असावं.

चौथे खरं तर अप्पा असायला हवे होते. माझे वडील, वय एक्क्याऐंशी, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पण गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नाहीत. नास्तिकपणा मी त्यांच्याकडूनच घेतला. म्हणून उद्घाटनाच्या भाषणात मी त्यांचा तो प्रसंग सांगितला. अकरा वर्षांपूर्वी आत्याचे यजमान गेले. घरात वीस-पंचवीस माणसं बसलेली. आत्या म्हणाली, "हे वरून बघताहेत माझ्याकडे." अप्पांनी सगळ्यांदेखत शांतपणे सांगितलं, "ताई, वर कोणी नाही."

सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. असं धैर्य!

बसवाल्या काकांनी विचारलं, "मग पुढं काय झालं?"

"पुढे काय? आत्याने अप्पांशी बोलणं टाकलं. ते अजून तसंच आहे."

"अरेरे," काका म्हणाले. "राहतात कुठं त्या?"

"लोखंडी पुलापलीकडे, नऊ नंबरच्या शेवटच्या थांब्याजवळ. पण काका, मुद्दा तो नाही."

"बरोबर, बरोबर," असं म्हणून त्यांनी मान डोलावली, आणि जरा वेळाने पुन्हा स्वतःशीच, "अरेरे."

९ मार्च, रविवार

सभासदत्वाच्या अर्जाचा मसुदा मी नेला होता. पहिली ओळ: "देव नाही याबद्दल माझी पूर्ण खात्री आहे." खाली नाव, पत्ता, सही. पाच मिनिटांचं काम. दोन तास लागले आणि सही एकीचीच झाली, माझी.

दंतवैद्यबाई म्हणाली, "ही ओळ मला चालणार नाही. देव आहे असं मला वाटत नाही, इथवर ठीक. पण नाहीच, अशी खात्री कुठून आणू? तू सगळीकडे जाऊन बघून आलीस का?"

"म्हणजे असेलही, असं तुझं म्हणणं?"

"म्हणजे ठाऊक नाही, असं माझं म्हणणं."

मी म्हटलं, हे धड इकडे नाही आणि धड तिकडे नाही. ती म्हणाली, "रुग्णाला मी कधी सांगत नाही की तुमचा हा दात आयुष्यात किडणार नाही. आज कीड दिसत नाही, एवढंच सांगते." मी म्हटलं, विश्वाची रचना आणि दाढ यात फरक असतो.

काकांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्या मनात हा प्रश्न कधी आलाच नाही बघा. समोर रस्ता असायचा, मागं माणसं. देव नाही म्हणायला आधी तो डोक्यात यावा लागतो ना?"

असा नास्तिक काय कामाचा! मग साध्या टेबल-खुर्च्याही नास्तिकच म्हणायच्या. मी तसं म्हटलंही. काका मनमोकळं हसले आणि खुर्चीची पाठ थोपटून म्हणाले, "मग तुमचे सभासद तीस झाले की!"

ग्रंथपाल सगळ्यात शेवटी बोलले. ते म्हणाले, "मी पूर्वी मानायचो. मनापासून. सकाळी एक गाणंही म्हणायचो. मग एक दिवस लक्षात आलं, की आपण आता मानत नाही. नक्की कधी थांबलं, ते सांगता येणार नाही." थोडं थांबून म्हणाले, "गाण्याची मात्र आठवण येते."

आता याचं मी काय करू? अर्जात रकाने किती काढायचे?

१२ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेत आज डोकं फिरायची वेळ आली. आमच्याकडे शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून तपासायला येतं. नवीन आलेल्या कारकूनबाईंनी सतरा अहवाल टंकून ठेवले आणि सतराही अहवालांत लिहिलं, "पाण्यात जंतू नाहीत."

मी त्यांना समोर बसवलं. म्हटलं, "बाई, आपण किती पाणी तपासलं? शंभर मिलीलिटर. टाकीत किती आहे? लाखो लिटर. मग 'नाहीत' हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिता? आपण लिहायचं, 'आढळले नाहीत.' नाहीत वेगळं आणि आढळले नाहीत वेगळं. या दोन शब्दांतच आपली सगळी इभ्रत आहे. बावीस वर्षं मी याच्याखाली सही करत आलेय."

त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मॅडम, पण लोकांना 'नाहीत' वाचून बरं वाटेल ना?"

"बरं वाटावं म्हणून आपण काही लिहीत नाही," मी म्हटलं.

सतराही पुन्हा टंकून घेतले. जरा कडक बोलले, पण अशा ढिसाळ विचारांना वेळीच आळा घालायला हवा. रविवारी दंतवैद्यबाईलाही हेच ठणकावणार आहे.

१६ मार्च, रविवार

ठणकावलं. ती उठून गेली. जाताना म्हणाली, "तुला मंडळ नको आहे, वर्ग हवा आहे." आता आम्ही तिघं.

ग्रंथपालांनी वृत्तांत वाचून दाखवला. त्यात माझी वाक्यं शब्दशः आहेत आणि इतरांबद्दल "सभासदांनीही मते मांडली" एवढंच. अत्यंत काटेकोर माणूस.

घरी अप्पांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, पाठ थोपटतील. ते पेपरातलं अंकांचं कोडं सोडवत होते. म्हणाले, "तिला घरी बोलावून चहा दे."

"पण अप्पा, मुद्दा कोणाचा बरोबर?"

"चहाचा," अप्पा म्हणाले.

वय झालंय.

२१ मार्च, शुक्रवार

अप्पा पडले. मी कामावर असताना वरच्या फळीवरची वही काढायला स्टुलावर चढले. एक्क्याऐंशीव्या वर्षी! शेजारणीला आवाज आला म्हणून बरं. खुब्याचं हाड मोडलंय. सोमवारी शस्त्रक्रिया.

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पंच्याण्णव टक्के रुग्ण बरे होतात." अप्पा वेदनेने पांढरे पडले होते, तरी विचारलंच, "किती जणांतले? आणि माझ्या वयाचे त्यात किती?" डॉक्टरांनी सांगितलं, बघून सांगतो. अप्पा मला म्हणाले, "माणूस चांगला आहे. थाप मारली नाही."

मी हसले. मग बाहेर येऊन जिन्यात पाच मिनिटं बसून राहिले.

२२ मार्च, शनिवार

आज सकाळी अप्पा म्हणाले, "ताईला कळव."

मी विचारलं, "कशाला?" ते म्हणाले, "कळव म्हटलं ना."

ही औषधांची गुंगी आहे. दुसरं काय असणार? माणूस आजारात खचतो, हे मी ऐकून आहे. भलेभले शेवटी हात जोडतात. अप्पांचं तसं होऊ द्यायचं नाही, हे माझं कर्तव्य आहे. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच मला लिहून दिलंय: "मी आजारी असताना माझ्यासाठी कोणीही प्रार्थना करू नये." खाली सही आणि तारीख. तो कागद माझ्या पर्समध्येच असतो.

आत्या आली की पहिलं तेच करेल.

दुपारी त्यांनी विचारलं, "केलास फोन?" मी म्हटलं, "लागला नाही."

लावलाच नव्हता. हे इथे तरी खरं लिहायला हवं.

२३ मार्च, रविवार

पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. खोटं दुसऱ्यांदा बोलायला पहिल्यापेक्षा सोपं जातं आणि नंतर जास्त टोचतं.

शेवटी मान खाली घालून दंतवैद्यबाईला फोन केला. भांडण आपल्या जागी, पण ती डॉक्टर आहे. विचारलं, या वेदनाशामक औषधांनी माणसाचे विचार बदलतात का? सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "अगं, त्यांना बहीण भेटायला हवी आहे. यात औषधाचा काय संबंध?"

दातांपलीकडचं तिला फारसं कळत नाही.

ग्रंथपाल आले होते. काल पण आले होते. अप्पांसाठी अंकांच्या कोड्यांचं पुस्तक आणलं आणि मला म्हणाले, "तुम्ही काही खाल्लंत का?" खरंच खाल्लं नव्हतं. खाली जाऊन घेऊन आले. बोलता बोलता त्यांना आत्याचंही सांगितलं. ते नुसते चष्मा पुसत राहिले.

ते गेल्यावर अप्पा म्हणाले, "हा माणूस रोज येतो. तुझ्या लक्षात येतंय का?"

"हो, त्यांना इस्पितळासमोरच्या दुकानातून पुस्तकबांधणीचा गोंद घ्यायचा असतो."

"रोज?"

"वाचनालय मोठं आहे अप्पा."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. फार दुखत असावं.

२४ मार्च, सोमवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी साडेसातला अप्पांना ढकलखाटेवर घेतलं होतं. तेवढ्यात दारात बसवाले काका. त्यांच्या दंडाला धरून आत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची, काडीसारखी, अंगात दोन स्वेटर. ग्रंथपालांनी काकांना सांगितलं आणि काकांनी पहाटेची नऊ नंबर पकडून, शेवटच्या थांब्याच्या आसपासच्या चार घरांची दारं वाजवून तिला शोधून काढलं. "उतारूंना मी घरांवरून ओळखतो," ते मला अभिमानाने सांगत होते. मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते जाऊन पाण्याच्या पिंपाजवळ उभे राहिले.

मी दार अडवलं. म्हटलं, "आत्या, आलीस ते बरं केलंस. पण इथे प्रार्थना वगैरे नको. अप्पांनीच लिहून ठेवलंय." आणि पर्समधून कागद काढून तिच्या समोर धरला. तिने चष्मा आणला नव्हता.

आतून अप्पांचा आवाज आला. "पोरी, तो कागद आत ठेव आणि बाजूला हो."

आत्या खाटेजवळ गेली. अकरा वर्षं. मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी मोठं बोलणार.

"छोट्या," ती म्हणाली, "किती रे वाळलास."

एक्क्याऐंशी वर्षांचे अप्पा! छोट्या!

"उशीर केलास ताई," अप्पा म्हणाले.

"मला सांगितलं कोणी?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फोन लागत नव्हता." आत्या म्हणाली, "माझा फोन? तो तर..." आणि थांबली. माझ्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "हो रे, बिघडलाय मेला. दोन दिवस बंदच आहे."

मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

मग तिने त्यांचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. मी पुढे झाले. अप्पांनी दुसऱ्या हाताने मला थांबवलं. "करू दे. तिचं तोंड, तिचे शब्द." आणि ते स्वतः डोळे उघडे ठेवून, छताकडे बघत, तिचं संपेपर्यंत स्वस्थ पडून राहिले. नेणारा सेवकही थांबला.

शस्त्रक्रियेला दोन तास चाळीस मिनिटं लागली. आत्या आणि मी बाकावर.

मग तिने विचारलं, "तू काय करतेस गं अशा वेळी? तुमच्यात काय करतात?"

"फरशा मोजते."

"किती झाल्या?"

"दोनशे चौदा."

"उत्तर येतं का काही?"

"नाही."

"मलाही येत नाही," आत्या म्हणाली, आणि माझ्या बरोबरीने फरशा मोजायला लागली. तिच्या दोनशे नऊ झाल्या. आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

सव्वाअकराला डॉक्टर बाहेर आले. सगळं ठीक झालंय. आत्या रडली. मी नाही रडले. माझ्या नाकातून नुसतं पाणी येत होतं.

२६ मार्च, बुधवार

अप्पा आज उशीला टेकून बसले. मी दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. "अप्पा, मी आत्याला फोन लावलाच नव्हता. खोटं बोलले."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. डावा कान लाल होतो."

मी म्हटलं, मला भीती वाटली की तुम्ही बदललात. अप्पांना हसू आलं, पण हसताना खुबा दुखतो, म्हणून त्यांनी ते अर्ध्यावर थांबवलं. म्हणाले, "देव नाही, हे मला आजही तितकंच पटतं. शंभरातलं शंभर कुणाला देऊ नये म्हणून नव्व्याण्णव म्हण. पण त्या दिवशी ताईने मला देवाबद्दल विचारलंच नव्हतं गं. तिचा नवरा गेला होता. ती सांगत होती की तिला एकटं वाटतंय. मी उत्तर दिलं भलत्याच प्रश्नाचं. परीक्षेत असं उत्तर आलं असतं, तर मी शून्य दिलं असतं."

"मग अकरा वर्षांत सांगितलं का नाहीत तिला?"

"उत्तर बरोबर होतं ना," अप्पा म्हणाले. "त्यामुळे माफी कशाची मागायची हेच कळेना."

मी तो प्रसंग आजवर किती जणांना सांगितला असेल? शंभर? दोनशे? ग्रंथपालांच्या वृत्तांतातही तो आहे. तो खोडून घ्यायला सांगायला हवा. की राहू दे? अजून ठरत नाही.

२७ मार्च, गुरुवार

मी रजेवर आहे म्हणून कारकूनबाई अहवाल सहीला इस्पितळातच घेऊन आल्या. नेमकी दंतवैद्यबाई अप्पांना भेटायला आलेली. मी एकेक वाचून सही करत होते आणि ती खांद्यावरून डोकावत होती.

"'आढळले नाहीत'?" तिने मोठ्याने वाचलं. "'नाहीत' असं का नाही लिहीत?"

मला काही बोलायची संधी न देता कारकूनबाईंनी उत्साहाने सांगायला सुरुवात केली. "छे, छे! मॅडमनी शिकवलंय ना. आपण तपासतो शंभर मिलीलिटर, टाकीत असतं लाखो लिटर. नाहीत वेगळं आणि आढळले नाहीत वेगळं. या दोन शब्दांतच आपली सगळी इभ्रत आहे."

शब्द न् शब्द पाठ!

दंतवैद्यबाई हसता हसता अप्पांच्या खाटेच्या कडेवर बसली. नर्स बघायला आली. अप्पांनी खुबा धरून ठेवला होता आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मी खूप गंभीरपणे पुढच्या अहवालावर सही केली. ती चुकीच्या जागी झाली.

"बोल की," दंतवैद्यबाई म्हणाली.

"चहा घेशील का?" मी म्हटलं.

२९ मार्च, शनिवार

आत्या रोज येते. नऊ नंबरने, सकाळी. आज अप्पा झोपल्यावर आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसलो होतो. मी तिला विचारलं, "अकरा वर्षं राग धरलास. एवढं लागलं?"

ती स्वेटरचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "राग त्याच्यावर नव्हता गं फारसा. तो म्हणाला, वर कोणी नाही. आणि माझ्या मनात आलं, याचं खरं असलं तर? त्याआधी असं कधी आलं नव्हतं मनात. आणि आलं ते आलंच. गेलं नाही. तो समोर आला की ते वाढेल, म्हणून मी दारच लावून घेतलं. पण ते आतच राहिलं होतं."

"मग तू प्रार्थना कोणाची करतेस?"

"देव असला तर त्याची. नसला तर..." तिने जरा विचार केला. "आयुष्यभर सकाळी कोणाशीतरी बोलायची सवय आहे. घरात दुसरं आहे कोण?"

माझ्याकडे यावर युक्तिवाद होता. चांगला होता. मी तो केला नाही. घरी येऊन इथे लिहावा म्हटलं, तर आता आठवत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

अप्पा घरी आले. त्यांच्याबरोबर आत्याही आली, चार दिवसांसाठी. पिशवी मात्र महिन्याची वाटते. तिला माझी खोली दिली आणि मी बैठकीत.

दोघांचं सकाळी सातला सुरू होतं. ती म्हणते, हे सगळं आपोआप कसं होईल? ते म्हणतात, मग त्याला कोणी केलं? ती म्हणते, तू लहानपणीही असाच चोंबडा होतास. आज मला मध्ये पडून सांगावं लागलं की हळू बोला, शेजारी लहान बाळ आहे. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू परकं माणूस घरात शिरलंय.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, भूक मंदावेल. अप्पा दुप्पट जेवताहेत.

१३ एप्रिल, रविवार

मंडळाची सभा आमच्या घरी घेतली, कारण अप्पांना जिने नकोत. पहिल्यांदाच सगळे हजर. दंतवैद्यबाई परत आली. मी तिची माफी मागितली. नीट, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हण, मी तोंड उघडं ठेवायला सांगितलेलं नसताना."

मग मी अर्ज काढला आणि पहिली ओळ खोडली. म्हटलं, ज्याने त्याने आपली लिहावी.

तिने "आढळला नाही" लिहिलं आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. काका पेन तोंडात धरून बराच वेळ बसले. शेवटी त्यांनी ती जागा कोरीच ठेवली आणि खाली झोकदार सही केली. ग्रंथपालांनी चार ओळी लिहिल्या, तीन खोडल्या आणि उरलेली कोणाला दाखवली नाही. अप्पांनी मोठ्या अक्षरात "नाही" लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात "पण विचारल्याशिवाय सांगणार नाही."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मला घ्याल का यात?"

मी म्हटलं, "आत्या, तू तर मानतेस."

"रोज नाही," आत्या म्हणाली. "सोमवार ते गुरुवार मानते. शुक्रवारपासून जरा ढिलं पडतं."

"आज रविवार आहे," दंतवैद्यबाई म्हणाली. "चालेल."

आत्याला एकमताने घेतलं. या वेळी खरोखरचं एकमत, हात वर करून. सभासद सहा.

माझी ओळ मी सगळे गेल्यावर लिहिली. "देव नाही असं मला वाटतं." मग "मला वाटतं" खोडलं. मग पुन्हा लिहिलं. लिहिताना वाटलं होतं तेवढा त्रास झाला नाही. माझं मत तेच आहे. फक्त त्याला धरून उभं राहायला आता एक हात पुरतो.

ग्रंथपाल कपबश्या विसळायला थांबले होते. नको म्हटलं तरी. विसळताना काहीतरी गुणगुणत होते. मी विचारलं, "हेच का ते गाणं?" त्यांचे कान लाल झाले. "शब्द नको असतील तर नुसती चाल म्हणतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "शब्दांसकट म्हणा." चांगला आवाज आहे. यांना ऐकायला कमी येतं असं मला का वाटलं होतं कोण जाणे.

४ मे, रविवार

अप्पा आज पहिल्यांदा रस्त्यावर चालले. आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत, एकशे दहा पावलं. एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला आत्या. कोणी कोणाला धरलं होतं ते सांगणं कठीण आहे.

मध्येच दमले तर बसायला हवं म्हणून मी मागून स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन चालत होते. ग्रंथपाल आले होते. म्हणाले, "खुर्ची मी घेऊ का?" मी म्हटलं, "मला जमतंय." अर्ध्या वाटेत दिली.

पुढे दोघांचं जोरात चाललं होतं. आत्या म्हणत होती, "छोट्या, मेल्यावर वर भेटलास ना, की बघ मी कशी हसते तुला."

"आणि नाही भेटलो तर?"

"तर तू बरोबर. पण ते तुला कळणार कसं? तू नसशीलच. म्हणजे जिंकले तर मीच जिंकणार. तुला जिंकायची सोयच नाही."

अप्पा रस्त्याच्या मधोमध थांबले. काठी आपटून म्हणाले, "हा अन्याय आहे!"

"आहेच," आत्या म्हणाली. "चल, पाय उचल."

आम्हाला वाटलं, कोपऱ्यावर थांबून परत फिरतील. ते फिरले नाहीत. बोलण्याच्या नादात कोपरा ओलांडून पलीकडे वळले आणि दिसेनासे झाले. मी धावणार होते. ग्रंथपालांनी खुर्ची फुटपाथवर मांडली आणि म्हणाले, "बसा जरा."

म्हणून मी बसले. भर रस्त्यात, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर. ते शेजारी उभे राहिले. येणारे-जाणारे बघत होते. भिंतीपलीकडून अप्पांचा आवाज येत होता, त्यावर आत्याचा, पुन्हा अप्पांचा. दिसत कोणीच नव्हतं. पण आवाज येत होता, म्हणजे दोघंही उभी होती. मी उठायची घाई केली नाही.